तिसऱ्या हाकेची तालीम

एकोणीसशे एकोणीसच्या चैत्रात निपाणीतल्या आमच्या भक्तिग्रंथ मंडळाने ठराव केला, की स्तोत्रांचं छापील पुस्तक घरोघर जाऊन फुकट द्यायचं. मानमोडी तापाची साथ सरून पाचेक महिने झाले होते. जिथून कोणी गेलं नाही असं घर गावात शोधावं लागत होतं, आणि देवाबद्दल लोकांचं मत जरा बिघडलं होतं. ते दुरुस्त करायचं काम मंडळाने अंगावर घेतलं.

बेळगावच्या छापखान्यातून तीनशे प्रती आल्या. ठेवायला जागा मिळाली ती तंबाखूच्या एका रिकाम्या वखारीत. आठ दिवसांत पुस्तकांनी तिथला वास असा उचलला, की पहिलं पान उघडलं की शिंक यायची. शिंक आली की शुभकार्यात थांबायचं. त्यामुळे पुस्तकांना कव्हरं घालायचं काम फार सावकाश चाललं होतं.

आमचे अध्यक्ष रघुवीरराव वकील. त्यांनी स्वयंसेवकांसाठी नियम लिहून काढले. उंबरा ओलांडू नये. पाणी मागू नये. पुस्तक उजव्या हाताने द्यावे. यजमानास दोन हाका माराव्यात. दार न उघडल्यास पुढील घरी जावे.

बोरगावचे मारुतीराव शेतकरी माणूस, मंडळात त्यांच्या आवाजासाठी घेतलेले. त्यांनी शेवटच्या नियमावर मान हलवली.

"वकीलसाहेब, दोन हाकांवर ह्या गावात मांजरबी दार उघडायचं न्हाय."

ते खरं होतं. साथीत गावात एक समजूत पसरली होती. रोग दारात येतो, ओळखीच्या माणसाच्या आवाजात हाक मारतो आणि ओ दिली की आत शिरतो. पण त्याला दोनदाच हाक मारता येते. म्हणून तिसरी हाक ऐकल्याशिवाय कडी काढायची नाही. ही समजूत कुणी काढली कोण जाणे, पाळली सगळ्यांनी. मीही पाळली. वकिलांच्या घरीही पाळत असत, फक्त तिथे तिला सावधगिरी म्हणत.

वकील म्हणाले, साथ संपली, आता असले प्रकारही संपले पाहिजेत, नाहीतर पुस्तकं वाटायची तरी कशाला? नियम मंजूर झाला. मारुतीराव तेवढे विरोधात.

मग गल्ल्या वाटून दिल्या. मी मंडळाचा चिटणीस. माझ्या जोडीला चिंतामणी मास्तर आले. मराठी शाळेत गणित शिकवायचे, बोलणं बेताचं. त्यांनी मला बाजूला घेऊन गल्ली बदलून मागितली. आमच्या वाट्याच्या गल्लीत सातवं घर त्यांच्या वहिनींचं, यशोदाबाईंचं. थोरले भाऊ श्रीपादअण्णा साथीत गेले. तेव्हापासून वहिनी मास्तरांशी एक शब्द बोलल्या नव्हत्या. मी वकिलांकडे विषय काढला. ते म्हणाले, नातेवाइकांपायी गल्ल्या बदलायला लागलो तर निपाणीत एकही गल्ली शिल्लक राहणार नाही. गल्ली तीच राहिली. वहिनी का बोलत नाहीत, हे मात्र मी मास्तरांना विचारलं नाही.

वाटपाच्या आदल्या दिवशी तालीम ठेवली. वखारीला लागून एक कडीची खोली होती. एकाने यजमान होऊन आत बसायचं, दुसऱ्याने बाहेरून हाक मारायची. माझ्या पाळीला मी दारात करायचं भाषण म्हणून दाखवलं, तेव्हा आतला यजमान झोपून गेला होता. त्यानंतर मास्तर आत गेले आणि बाहेर मारुतीराव उभे राहिले.

"मास्तर, दार उघडा."

आतून हालचाल नाही. मारुतीरावांनी दुसरी हाक मारली, जरा थांबले आणि नियमाप्रमाणे बाजूला झाले. वकिलांनी मान डोलावली आणि मास्तरांना बाहेर यायला सांगितलं. मास्तर आले नाहीत. आम्हाला वाटलं, हेही झोपले. मग दाराला अगदी चिकटून, हळू आवाज आला.

"तिसरी मार. अण्णा, तिसरी मार की रे."

वखारीत सात-आठ माणसं होती. मारुतीरावांना आमच्या आधी कळलं असावं. ते पुन्हा दारापाशी गेले आणि त्यांनी तिसरी हाक मारली, लहान पोराला मारावी तशी. कडी निघाली. मास्तरांनी आमच्याकडे पाहिलंच नाही. ते दाराच्या उजव्या अंगाला, खाली जमिनीकडे बघत होते. तिथे काही नव्हतं.

नंतर पाणी पिऊन त्यांनी सांगितलं, अपूर्णांक शिकवताना लावत त्याच आवाजात. कार्तिकात एका दुपारी चारच्या सुमारास अण्णा दारात आला. वहिनी तापात पडल्या होत्या, त्यांच्याजवळ बसायला माणूस हवं होतं. मास्तरांची बायको-मुलं चिकोडीला माहेरी, घरात ते एकटेच. अण्णाने दोन हाका मारल्या. मास्तर कडीवर हात ठेवून तिसरीची वाट बघत राहिले. आवाज हुबेहूब अण्णाचा होता, म्हणूनच त्यांना जास्त भीती वाटली. दिवेलागणीला दार उघडलं तेव्हा अण्णा उजव्या हाताला पायरीवर भिंतीला टेकून बसला होता. गार पडला होता.

"त्याला तिसरीपुरता दमच नव्हता," मास्तर म्हणाले. "मी मोजत बसलो."

वकिलांनी नियमांचा कागद मागवला, 'दोन' खोडून 'तीन' लिहिलं आणि कागद परत दिला. ठरावावाचून मंडळात झालेली ही पहिली गोष्ट.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही निघालो. पहिल्या सहा घरांची दारं बरोबर तिसऱ्या हाकेला उघडली. एका घरातून आधी कानडीत आणि मग मराठीत आमची चौकशी झाली. सहाव्या घराच्या पायऱ्या उतरताना मास्तरांनी मला खिशातला अर्ज दाखवला. चिकोडीच्या शाळेत बदली मागितली होती. तिसऱ्या हाकेलाही वहिनींनी दार उघडलं नाही, तर पुस्तक उंबऱ्यावर ठेवायचं आणि संध्याकाळी अर्ज टाकायचा. मग ह्या गावात राहण्यात अर्थ नाही, म्हणाले.

चारच्या सुमारास ते सातव्या दारासमोर उभे राहिले.

"वहिनी."

दोघा भावांचा आवाज एक, असं सगळा गाव म्हणे. शब्द पुरा व्हायच्या आत दार उघडलं. मास्तरांनी तीन हाकांची तयारी केली होती. एका हाकेला दार उघडलं तर काय करायचं, हे त्यांनी ठरवलंच नव्हतं.

यशोदाबाईंनी आधी त्यांच्या खांद्यावरून मागे, रिकाम्या गल्लीत पाहिलं. मग त्यांच्याकडे.

"भावजी, तुम्ही होय."

मी कर्तव्य म्हणून भाषण सुरू केलं. त्यांनी हातानेच मला थांबवलं.

"रोज ह्याच वेळेला हाक येते," त्या मास्तरांना म्हणाल्या. "एकदाच येते. मी लगेच उघडते, कोणी नसतं. तरी उघडते. आपल्याकडून परत उशीर नको."

मास्तरांनी पुस्तक पुढे केलं. यशोदाबाईंनी घेतलं नाही.

"मला कुठं वाचायला येतंय? आत येऊन वाचा."

मास्तर उंबरा ओलांडून आत गेले. सवयीने त्यांचा हात कडीकडे वळला.

"राहू दे उघडं," त्या म्हणाल्या.

मी उरलेली पुस्तकं घेऊन आठव्या घरी गेलो. पहिली हाक मारली, थांबलो. मागून मास्तरांचं वाचन ऐकू येत होतं. दुसरी ओळ संपायच्या आत ते मध्येच थांबले. मी वळून पाहिलं. मास्तर घाईघाईने दारात आले होते. उंबऱ्यावर उभे राहून रिकामी गल्ली बघत होते. माझ्या कानावर काही आलं नव्हतं.

थोड्या वेळाने ते आत गेले आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचू लागले.