बिनहाराची सायकल

दसऱ्याला आमच्या अंगणात सगळ्या गाड्यांना हार पडला. मोठी गाडी, पोराची, दिपेशची, बुलेट, ट्रॅक्टर, इतकंच काय, भंगारात निघालेली स्कूटरही पुसून तिला हळदकुंकू लावलं. माझ्या लेकीची, दिशाची, सायकल तेवढी भिंतीला टेकून कोरडी राहिली. सायकल म्हणजे गाडी नव्हे, असं आमच्या ह्यांचं मत. टिटवाळ्यात ह्यांना पंढरीशेठ म्हणतात. शेतांवर बिल्डिंगी उभ्या राहिल्या आणि ह्यांच्या बुडाखाली मोठी गाडी आली. तेव्हापासून रस्त्यात सायकलवाला दिसला की आधी हॉर्न वाजतो, मग ह्यांचं तोंड.

त्यातून मागच्या महिन्यात गोवेलीजवळ एका टेम्पोने दिशाला घासून खाली पाडलं. कोपर सोललं, तेवढ्यावर निभावलं. पण ह्यांनी सायकल विकायचा फतवाच काढला. पोरगी हट्टात बापावर गेलेली. म्हणाली, माळशेज घाट चढून दाखवते, मग बोला. शेवटी असं ठरलं की आम्ही गाडी घेऊन मागे राहायचं, आणि ती दमून गाडीत बसली की सायकलीचा विषय कायमचा बंद. हे तर खुशीत होते. घाटाखालच्या टोकावड्याच्या पुढे ती काही जात नाही, असं मला सांगून मोकळे झाले.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी उजाडताच निघालो. पुढे दिशा, मागे ब्लिंकर लावून आम्ही, बॉनेटवर कालचाच झेंडूचा हार. माझ्या मांडीवर तांदळाच्या भाकऱ्यांचा डबा, आणि नजर दिशाच्या मागच्या चाकावरून हलत नव्हती.

सायकलच्या मागे सायकलच्याच वेगाने जायचं, ही ह्यांना शिक्षाच होती. मुरबाडपर्यंत नुसती चुळबुळ चालली होती. तेवढ्यात एक लाल गाडी आम्हाला मागे टाकून दिशाच्या अगदी अंगाला खेटून गेली. हँडल डगमगलं. ह्यांनी शिवी दिली नाही. 

"असेच जातान काय गो सगले?" ह्यांनी विचारलं.

तुम्हीपण असेच जाता, हे माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. गिळलं.

टोकावडं मागे पडलं. पोरगी थांबली नाही.

मग समोर घाट उभा राहिला. मी तो कितीदा तरी पाहिला होता, पण गाडीच्या काचेतून आणि भजी खात. त्याची उंची आज कळली. काळा कडा थेट आभाळात गेलेला, पावसाळ्याचं उरलंसुरलं पाणी त्यावरून ओघळत होतं, आणि त्या एवढ्या डोंगराखाली माझी एवढीशी पोर पेडलवर उभी राहून चढत होती. आमच्या गाडीलाही पहिला गिअर लागला. हिला कोपऱ्यावरच्या दुकानात पाठवायचं तर चार हाका माराव्या लागतात. हिच्यात हे कुठून आलं, मला कळेना. माझी भीती कधी गेली तेही कळलं नाही. देवीपुढे बसावं तशी मी हात जोडून बसले होते.

मागे हॉर्न सुरू झाले. एक गाडी आमच्या बरोबरीला आली आणि आतला माणूस ओरडला की सायकल बागेत चालवायला सांगा. आता हे उतरून त्याची कॉलर धरणार, म्हणून मी ह्यांचा दंड पकडला. ह्यांनी फक्त काच खाली केली.

"माजी पोर हाय ती," हे हळूच म्हणाले. "जरा थांब."

त्या माणसाने वर चढणाऱ्या दिशाकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग त्याने गाडी मागे घेतली. हळूहळू हॉर्न थांबले. वळणावर मान वळवून बघते तर खालपर्यंत गाड्यांची रांग, वरातीसारखी, आणि सगळे माझ्या पोरीच्या चालीने चाललेले. अंगावर काटा आला.

माथ्यावर ती उतरली. मागच्या गाड्या पुढे निघून गेल्या. जाताना कुणी हात केला, कुणी नुसतं बघितलं.

"पप्पा, मी बसले नाय गाडीत," ती म्हणाली.

हे गाडीतून उतरले. बॉनेटवरचा हार सोडला, झटकला आणि सायकलच्या हँडलला बांधला. मग वाकून, दसऱ्याला ट्रॅक्टरच्या चाकाला हात लावतात तसा, तिच्या पुढच्या चाकाला हात लावला आणि कपाळाला नेला. दिशाने तोंड फिरवून डोळे पुसले. मला तर तेही सुचलं नाही.

भाकऱ्या खाऊन झाल्यावर हे गाडीत बसले, पण चावी फिरवली नाही. गाडी काढताना ह्यांनी आजवर कुणाला विचारलेलं मी पाहिलं नव्हतं. काच खाली करून ह्यांनी सायकलवर बसलेल्या लेकीला विचारलं, "निगायचा काय?"