तिसऱ्यांदा आलेली गाडी

मास्तरांची गाडी तिसऱ्यांदा गॅरेजच्या दारात उभी राहिली, तेव्हाच मी ओळखलं की आज घरात कुणी धड जेवणार नाही. बॉनेट उघडं होतं आणि इंजिन चालू. गाडी जागेवर उभी असताना इंजिनानं एका लयीत चालावं, तर हे मध्येच उगाच जोर धरायचं, मग इतकं मंद व्हायचं की आता बंदच पडणार असं वाटायचं. तेवढ्यात पुन्हा जोर. बघणाऱ्याचाच जीव खालीवर होत होता.

आमचे हे इंजिनावर वाकून उभे होते, कानाला रबरी नळी लावून. हातभर लांबीची साधी नळी. एक टोक कानात, दुसरं इंजिनावरून हळूहळू फिरवायचं. कुठं फट पडून इंजिन नको तिथून हवा ओढत असेल, तर बारीक सूं ऐकू येतं. या नळीवर त्यांनी पस्तीस वर्षं नाव कमावलं. दुसऱ्यांनी हात टेकलेल्या गाड्या आमच्याकडे यायच्या आणि हे डोळे मिटून, दोन मिनिटांत नेमकं बोट ठेवायचे. पाणी शिंपडून फट शोधणाऱ्यांची त्यांनी आयुष्यभर टिंगल केली.

या गाडीच्या वेळी मात्र काही जमत नव्हतं. पहिल्यांदा त्यांनी प्लग बदलले. दुसऱ्यांदा कार्बोरेटर खोलून साफ केला आणि शेवटी स्क्रू पिळून इंजिनाचा वेग नुसता वाढवून गाडी देऊन टाकली. म्हणजे दुखणं तसंच ठेवायचं आणि वरून रंगसफेदी करायची. असलं काम मी त्यांच्या हातून कधी पाहिलं नव्हतं. त्या दिवशी मला भीती वाटली.

कारण मला ठाऊक होतं. दोन वर्षं होत आली असतील. ट्रकचा आवाज त्यांना नीट ऐकू येतो, दार आपटलेलं कळतं, पण बारीक आवाज गेले. दाराची बेल गेली, फोनची रिंग गेली. मुलीनं परवा फोनवर तापानं फणफणलेय म्हणून सांगितलं, तर हे म्हणाले, छान, छान. कानाच्या डॉक्टरांचं नाव काढलं की म्हणतात, तूच हल्ली पुटपुटतेस. लग्नानंतरची पहिली वीस वर्षं मी बोलले की घर डोक्यावर घेते म्हणायचे, आणि आता म्हणे मी पुटपुटते.

मी त्यांना जेवायला बोलवायला आले होते. दारात पाऊल ठेवलं आणि ती शिट्टी मला ऐकू आली. बारीक, चिवट, इंजिनाच्या धडधडीच्या वर स्वच्छ ऐकू येणारी. तिथं बाकी कुणाला ती ऐकू येण्याची सोय नव्हती. मास्तर निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, त्यांच्या कानात यंत्र असतं आणि बॅटरी वाचवायला ते बहुतेक वेळा बंद असतं.

मी जवळ जाऊन उभी राहिले. शिट्टी येत होती कार्बोरेटरच्या मागच्या एका बारीक नळीपासून, तिच्या खालच्या अंगानं. यांच्या हातातलं टोक फिरत फिरत तिथं आलं. बरोबर त्या जागेवर आलं. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. डोळे मिटलेले, कपाळाला आठ्या, सगळा जीव कानात गोळा केलेला. टोक त्या जागेवरून पुढं गेलं आणि चेहऱ्यावर काहीसुद्धा हललं नाही. मला तिथंच रडू येईल असं वाटलं.

त्यांनी नळी खाली ठेवली आणि मास्तरांना सांगितलं की कार्बोरेटरच नवीन बसवावा लागेल. मास्तर "तुम्ही म्हणाल तसं" म्हणाले. पन्नास वेळा फसवलं तरी हा माणूस तेच म्हणाला असता. मग त्यांनी हळूच विचारलं, "उद्या सकाळपर्यंत होईल ना? हिला दवाखान्यात न्यायचंय. परवा गाडी सिग्नलला तीनदा बंद पडली. मागून सगळे हॉर्न वाजवतात, ती घाबरते."

मी घरी गेल्यावर एकट्यात सांगू शकले असते. चार दिवस थांबून, त्यांचा मूड बघून. पण मास्तरांच्या बायकोला एक दिवसाआड दवाखान्यात न्यावं लागतं, आणि चांगला कार्बोरेटर उगाच निघाला असता. मी पुढं झाले आणि यांचा हात धरला.

"अगं, गरम आहे, लांब हो."

"अहो, इथं बोट ठेवा," मी म्हटलं. "नळीच्या खालून."

त्यांनी ठेवलं. इंजिन झोपेतल्या मुलासारखं शांत झालं. बोट काढलं, पुन्हा ओढाताण सुरू. ठेवलं, शांत. असं त्यांनी तीनदा केलं. दुसऱ्याच वेळी खात्री पटली होती, तिसरी वेळ कशासाठी होती ते मला कळलं नाही.

"तुला कुठून ऐकू आलं?" त्यांनी माझ्याकडे न बघता विचारलं.

ऐकू नाही आलं, चीर दिसली, असं सांगायचं मी मनाशी ठरवलं होतं. पण चीर खालच्या अंगाला होती, ती कुणालाच दिसली नसती.

"दारातून," मी म्हटलं.

त्यांनी वळून दाराकडे पाहिलं. दहा-बारा पावलं असतील. मग इंजिन बंद केलं, नवी नळी कापली, बसवली, पिळलेला स्क्रू पूर्ववत केला. दहा मिनिटांचं काम. गाडी पुन्हा सुरू केली तेव्हा ती चालू आहे की नाही, हे बघायला मास्तरांनी गाडीवर हात ठेवला.

"काय कान आहे तुमचा," ते म्हणाले. बोट कुणी ठेवायला सांगितलं, ते त्यांना ऐकू गेलंच नव्हतं.

यांनी नुसती मान हलवली असती तरी चाललं असतं. मीही हलवली असती. मी तर खाली बघून पाने-पक्कड गोळा करायला लागलेच होते.

"माझा नाही, हिचा," हे म्हणाले. "मला ऐकू येत नाही आता."

आपला आवाज किती लागतो याचा त्यांना अंदाज राहिलेला नाही. इंजिनाची धडधड चालू असल्यासारखे ते ओरडून बोलले, आणि इंजिन तर आता आवाज न करता चालत होतं. समोरच्या वेल्डरनं तोंडावरची काच वर केली. दोन दारं सोडून टेलरनं मशीन थांबवलं. मास्तरांनासुद्धा ऐकू गेलं. त्यांनी यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि ते गाडीत जाऊन बसले.

आम्ही दोघं रस्त्यापर्यंत आलो. हे फडक्यानं एकेक बोट पुसत गाडीकडे बघत होते. कोपऱ्यावर ती मंद झाली, थांबली, मग वळून दिसेनाशी झाली.

"थांबली तेव्हा आवाज कसा होता?" त्यांनी विचारलं.

"एकसारखा होता," मी म्हटलं. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. म्हणून मी पुन्हा सांगितलं, मोठ्यानं.