नेलीचा सॅड केक

नेली ऑर्मरॉडच्या ताटलीपुढच्या कार्डावर एकच शब्द लिहिला होता: सॅड. त्याखाली ठळक रेघ. बक्षीस नाही.

नेलीला आधी हसूच आलं. तिला वाटलं, परीक्षकबाईंनी केकचं नाव लिहून ठेवलंय, बक्षिसाचं कार्ड मागून येईल. पण शेजारीच ॲनी पिकपच्या उंच, भुसभुशीत स्पंज केकवर लाल कार्ड डौलात उभं होतं. पहिला क्रमांक.

इंग्लंडच्या उत्तरेला, लँकशरच्या डोंगरातलं थॉर्नक्लफ हे गाव. दर ऑगस्टात चॅपलच्या हॉलमध्ये प्रदर्शन भरायचं आणि नेली सत्तावीस वर्षं तिथे काही ना काही मांडत आली होती. कधी मुरंबा, कधी विणलेले मोजे. प्रदर्शनाचा मानाचा चांदीचा कप मात्र कायम दुसऱ्याच कुणाच्या हातात. यंदा ‘आमच्या भागातला पदार्थ’ असा नवा गट निघाला, म्हणून तिने रोजचाच सॅड केक केला. मैदा, चरबी, चिमूटभर मीठ आणि मूठभर काळे मनुके. मळायचं, ताटाएवढं गोल लाटायचं आणि भाजायचं. फुगवायला काही घालायचं नाही. चपलांच्या कारखान्यात तीस वर्षं राबताना तिने हाच डब्यात नेला होता, आणि तिचा नवरा वॉल्टर दगडाच्या खाणीत हाच खाऊन दिवस काढायचा.

ती सरळ परीक्षकबाईंकडे गेली. मिसेस व्हेरॉल म्हणजे नव्या डॉक्टरांची बायको, दक्षिणेकडून नुकत्याच राहायला आलेल्या.

“बाईसाहेब, माझ्या केकचं काय चुकलं, एवढंच सांगा.”

“लिहिलंय ना, मिसेस ऑर्मरॉड. सॅड झालाय. बसलाय अगदी. राग मानू नका, तुमचं यीस्ट जुनं असणार.”

“यीस्ट घातलंच नाही मी.”

“मग आणखी काय होणार?”

“अहो, तो तसाच असतो. त्याचं नावच सॅड केक!”

मिसेस व्हेरॉल समजुतीने हसल्या. “दोषालाच नाव दिलं म्हणून तो गुण होतो का? सॅड म्हणजे दुःखी. बिचारा, रडवेला दिसतोय हो तुमचा केक.”

दोन-चार जणी फिदीफिदी हसल्या. नेलीला कार्डाचं एवढं लागलं नव्हतं, पण ते ‘बिचारा’ काळजात घुसलं. तिच्या आईने, आजीने ज्यावर घरं जगवली, तो बिचारा? तिचे कान तापले.

“क्लेग मास्तर!” तिने हॉलच्या दुसऱ्या टोकाला हाक मारली. निवृत्त शाळामास्तर क्लेग प्रदर्शनाचे चिटणीस होते, आणि समोरच्या वाचनालयाची किल्लीही त्यांच्याच खिशात असायची. “तो मोठा शब्दकोश आणा. एस अक्षराचा.”

“आत्ता? अगं नेली, तो उचलायला दोन माणसं लागतात.”

“मग दोघं जा.”

ते येईपर्यंत तिने स्वयंपाकघरात जाऊन आपला केक चहाच्या उकळत्या पिंपाच्या झाकणावर ठेवला आणि लोण्याची बशी शोधून काढली.

मास्तरांनी टेबलावर ग्रंथ उघडला. गर्दी गोळा झाली. ते शाळेतल्या आवाजात वाचू लागले. “सॅड. सर्वांत जुना अर्थ, पोट भरलेला. तृप्त.”

“तृप्त?” मिसेस व्हेरॉल पुढे वाकल्या.

“हजार वर्षांपूर्वीचा अर्थ आहे, बाई. पुढे भरून भरून कंटाळलेला. मग जड, भरीव. पोक्त, भरवशाच्या माणसालाही सॅड म्हणत, आणि ते कौतुकाने. न फुगलेल्या पिठालाही. दुःखी हा अर्थ मागून आलाय.”

पोट भरलं, मन भरलं आणि भरता भरता जड झालं. शब्द त्याच उतारावरून घरंगळत आला होता.

“माझ्या आजीची सॅड इस्त्री होती की!” ॲनी पिकप एकदम म्हणाली. “नुसतं भरीव लोखंड.”

“ती कधी रडलेली मला तरी आठवत नाही,” नेली म्हणाली. हॉल खदखदून हसला.

मिसेस व्हेरॉल मात्र हटल्या नाहीत. “शब्द जुना असेल. पण मी चव घेऊन ठरवलंय.”

“गार खाल्लात, आणि कोरडा. आता हा घ्या.”

गरम तुकड्यावर लोणी वितळून मनुक्यांत मुरत होतं. बाईंनी एक घास घेतला. चावत राहिल्या. मग त्यांनी न विचारता दुसरा तुकडा उचलला, तो संपवला, बोटं पुसली आणि स्वतः मंचावर चढल्या.

“माझी चूक झाली,” त्या स्पष्ट म्हणाल्या. “गट तुमच्या भागाचा होता, आणि मी बक्षीस दिलं कुठेही मिळणाऱ्या केकला. पहिला क्रमांक मिसेस ऑर्मरॉड. आणि या वर्षीचा कपही त्यांनाच.”

ॲनीने क्षणभर तोंड वाकडं केलं. मग लाल कार्ड स्वतःच उचलून नेलीच्या ताटलीपुढे ठेवलं आणि टेबलावर मूठ आपटली. बघता बघता सगळा हॉल टेबलं बडवू लागला. क्लेग मास्तर शब्दकोशावरच थापा मारत होते.

नेली बसने घरी निघाली, कप मांडीवर घेऊन. पिशवीत घालायचं तिच्या मनातही आलं नाही. दर थांब्यावर चढणाऱ्याने विचारलं आणि दर थांब्यावर तिने पहिल्यापासून सांगितलं.

वॉल्टर दारातच उभा होता. त्याने कपाकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, आणि आत जाऊन बिअरची बाटली आणली. कप काठोकाठ भरून तो रस्त्यावर गेला आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांना हाका मारू लागला. नेली दारात खुर्ची टाकून बसली. चहा टाकायला उठायचं नाही, असं तिने ठरवूनच टाकलं होतं. लोक एकेक करून तिच्यापाशी येत राहिले.