माझ्या पंजातला भंडारा

नमस्कारासाठी मला दुसरा हात नाही. मी एकट्या डाव्या हातासाठी जन्मलो. मी बेसबॉलच्या कॅचरचा, म्हणजे यष्टिरक्षकासारखा मागे बसून चेंडू झेलणाऱ्याचा, ग्लोव्ह बोलतोय: जाड कातड्याचा, गरगरीत, भाकरीएवढा.

माझा जन्म कारखान्यात झाला. पण आयुष्य सुरू झाले ते २००३ साली, पुण्यातल्या एका दुकानात. निमोण्याच्या शाळेचे सतीश सर आणि त्यांची खेळाडू तेजश्री समोर उभी होती. माझ्या शेजारी एक मऊ ग्लोव्ह होता, येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांनी हाताळलेला.

"हा घे, लगेच मिटतो," सर म्हणाले.

तेजश्रीने आम्हा दोघांनाही हातात चढवून पाहिले. "सर, त्यो दुसऱ्यांच्या हाताला माणसाळलाय. मला ह्यो आडमुठाच पायजे."

"दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी दौंडला फायनल आहे. तोवर हा मिटला नाही, तर कॅचर तू नाहीस, मोनिका!"

आडमुठा! मी तर खूश झालो आणि नावाला जागलोही. तेजश्री मला तेल चोळी, पोटात चेंडू ठेवून दोरीने आवळी, अंगणात ठोशांनी बडवी. तरी वेगाचा चेंडू माझ्यातून उसळून बाहेर पडेच.

त्या घराण्याच्या मागच्या पिढ्यांनी मेंढरे राखली होती. ज्या साधनावर घर जगते, त्याला वर्षातून एकदा देव मानून विसावा द्यायचा, हा खंडेनवमीचा गाभा त्या घराने शेतीत रुळल्यावरही जपला होता. त्या वर्षीही, दसऱ्याच्या आदल्या सकाळी, तेजश्रीच्या आज्जीने, भामाबाईंनी, लोकर कातरायची कातर, विळे, कुऱ्हाड मांडली. आणि दोरीने बांधलेल्या मलाही त्यांच्यात बसवून वर भंडाऱ्याची मूठ उधळली.

"आज्जी, परवा म्याच हाय! सराव न्हाई केला तर सर मला काढत्याल!"

"उद्या पूजा उठंपतूर हात लावायचा न्हाई. हत्यारालाबी दम खाऊ दे."

"आगं, कातड्याचा हाय त्यो. देवाम्होरं कसा चालंल?"

"मंग ढोल कशाचा आसतुया गं?"

तेजश्रीने पुढे केलेला हात मागे घेतला. मी मात्र पोटात चेंडू घेऊन निवांत पडलो. आणि आजवर मारापुढे न वाकलेले माझे कातडे त्या विसाव्यात चेंडूभोवती हळूहळू कलू लागले.

दौंडच्या मैदानावर सरांनी बजावले, "एक जरी चेंडू निसटला, तरी मोनिका!" पहिलाच चेंडू थाडकन आला, पोटात बसला आणि माझ्यातून पिवळा धुरळा उडाला.

"जेजुरी हितंच आणली काय गं?" दौंडच्या मुली खिदळल्या.

शेवटचा डाव. आम्ही एका धावेने पुढे. दौंडची प्रतिभा होम प्लेटकडे सुसाट सुटली. पोहोचली तर बरोबरी, त्याआधी चेंडूसह स्पर्श झाला तर विजय आमचा. दुरून फेकलेला चेंडू सणसणत आला. तेजश्रीने मूठ मिटली. मीही मिटलो! तिने मला प्रतिभाच्या खांद्यावर टेकवले आणि दोघी धुळीत कोसळल्या.

"लागलाच न्हाई!" प्रतिभा ओरडली.

पंच वाकले. तिच्या पांढऱ्या शर्टावर पिवळाधमक ठसा होता. मग त्यांनी माझ्याकडे पाहिले. चेंडू माझ्या मिठीत घट्ट होता.

"आऊट!"

प्रतिभा खांदा झटकत उठली नि हसूच लागली. "लगीन ठरायच्या आदीच हळद लावलीस की गं बाई!"

त्याला आता काही वर्षे लोटली. तेजश्री पुण्याच्या कॉलेजकडून खेळते, नव्या ग्लोव्हने. माझ्या वाद्या झिजल्या. मी खुंटीवर असतो, खंडेनवमीला कातरीशेजारी. गावातल्या खेळणाऱ्या मुली मला हातात चढवतात, मऊ म्हणून मागतात.

पोरींनो, मला नेऊ नका. मला एकच हात पाठ आहे. तुमचा आडमुठा तुम्हीच निवडा, बडवा, आणि एक दिवस त्याला दम खाऊ द्या. खोटे वाटत असेल, तर माझ्या पंजात एक ठोसा मारून पाहा.

अजूनही पिवळे उडते.