पाचव्या अर्थमंत्र्याची चौकट

"या घरात एक कागद जागेवर सापडेल तर शपथ!"

आवाज दुकानातल्या टेबलाखालून आला. नणंद पुठ्ठ्यांच्या गठ्ठ्यात डोकं खुपसून बसली होती. बाहेर दिसत होती फक्त तिची पाठ आणि एक चप्पल. तिचा खांदा टेबलाच्या पायाला लागला की वर ठेवलेली काच थरथरायची.

"वन्सं, हळू. काच फुटली तर मंत्रीसाहेब उघड्यावर पडतील," फ्रेमवाली म्हणाली.

"पडू देत की. आम्ही अडीच वर्षं पडलोयच."

कोपऱ्यातल्या स्टुलावर बसलेला सरकारी कचेरीचा शिपाई हसला आणि लगेच खोकल्यासारखं केलं. नोकरी होती बिचाऱ्याला. तीन वाजेपर्यंत नव्या अर्थमंत्र्यांचे बारा फोटो चौकटीत बसवून न्यायचे होते. साहेब उद्या शपथ घेणार, त्याआधी भिंतीवर हजर पाहिजेत.

अडीच वर्षांतले हे पाचवे. पहिल्याच्या वेळी फ्रेमवालीने पाठीमागे नीट खिळे ठोकले होते, कडेने कागदाची पट्टीही चिकटवली होती. दुसऱ्याच्या वेळी ते सगळं उचकटताना तिचं नख निघालं. तिसऱ्यापासून तिने खिळे सोडले आणि फिरत्या कड्या लावल्या. कडी फिरवली, मंत्री बदलला. जुना फोटो ती काढतही नसे. पुठ्ठा एवढा महागला होता की मागे भर म्हणून जुने मंत्रीच बरे पडायचे. एकेका चौकटीत चार-चार अर्थमंत्री एकामागे एक दाटीवाटीने उभे होते.

"एवढ्या एकीने बाहेर कधी बसले असते तर!" ती काच पुसत म्हणाली. "पहिला म्हणाला, बँका पोलादासारख्या आहेत. खरंच निघाल्या. दार लागलं ते उघडतच नाही. दुसरा म्हणाला, हे पहिल्याचं पाप. तिसरा म्हणाला, पोटाला चिमटा घ्या, आणि स्वतःच्या पोटाच्या तपासणीला परदेशी गेला. चौथ्याने समिती नेमली. समितीच्या चहाला कुठून पैसे निघाले, ते तेवढं त्या समितीने शोधून काढावं."

"वहिनी, मी इथे बसलोय," शिपाई म्हणाला.

"तुम्हाला ऐकवायलाच बोलतेय. वरपर्यंत पोचवा."

"माझं वरपर्यंत म्हणजे दुसरा मजला. तिथे झाडू मारायलाही माणूस येत नाही, तीन महिने पगार नाही त्याला."

खिडकीजवळच्या खुर्चीत सासरे बसले होते. आबा. मांडीवर पत्र्याची पेटी, पेटीत पावत्या. पस्तीस वर्षं त्यांनी पाणीखात्यात मीटर वाचले होते आणि त्या पस्तीस वर्षांतला एकही चिटोरा त्यांनी फेकला नव्हता. लग्नानंतर घेतलेल्या पहिल्या पंख्याची पावती त्यांच्याकडे होती. पंखा कधीच भंगारात गेला होता. अठरा वर्षांपूर्वीचं बसचं तिकीट मागितलं असतं तर त्यांनी अर्ध्या मिनिटात काढून दिलं असतं. पण नणंदेची बँकेतली पोच मात्र चार दिवस झाले तरी त्यांना सापडत नव्हती.

त्या पोचेवर नणंदेचं पुढचं आयुष्य अडलं होतं. नवरा गेल्यावर मिळालेले सगळे पैसे तिने बँकेत ठेवले होते, दोन खोल्यांची स्वतःची जागा घ्यायची म्हणून. बँक बंद व्हायच्या नऊ दिवस आधी तिने ठेव मोडण्याचा फॉर्म भरला. पाय प्लास्टरमध्ये होता, म्हणून सही करून बँकेत द्यायला आबांच्या हातात दिला. मग बँकेच्या दाराला कुलूप लागलं आणि तेव्हापासून बावन्न वर्षांची ती बाई वरच्या खोलीत, शिवणयंत्र आणि कपाटाच्या मधल्या फटीत झोपत होती. आता सरकारने योजना काढली होती. कुलूप लागण्याआधी फॉर्म दिल्याची शिक्का मारलेली पोच असेल तर सगळे पैसे परत. नसेल तर शंभरातले तीस, तेही दहा वर्षांच्या हप्त्यांनी. मुदत आज चारपर्यंत.

"ज्यांनी बुडवले ते पुरावा मागणार बुडालेल्यांकडे," ती योजना वाचली तेव्हा फ्रेमवाली म्हणाली होती, आणि वर्तमानपत्र इतक्या जोरात आपटलं होतं की शेजारचा दुकानदार बघायला आला होता.

फोन वाजला. फ्रेमवालीचा नवरा पहाटेपासून बँकेच्या रांगेत जागा धरून उभा होता.

"माझ्यापुढे वीस-बावीस राहिलेत. मिळाली का?"

"शोधतोय."

"आबांना विचार ना..." तो बोलता बोलता थांबला. "आबांना विचार, पेटीत परत एकदा बघा म्हणावं."

"बघतायत."

तिने फोन ठेवला. त्याला काय विचारायचं होतं ते तिला कळलं होतं, कारण तेच तिला चार दिवस विचारायचं होतं. चार दिवस कशाला, अडीच वर्षं. पण जेवताना विषय त्या वळणावर आला की कुणीतरी मंत्र्याला शिवी घालायचं, बाकीचे जोर धरायचे, आणि ताटं उचलली जायची. मंत्र्यांनीही शिव्यांची ददात कधी पडू दिली नव्हती.

"अकराच चौकटी आल्यात," तिने मोजून शिपायाला सांगितलं. "बारावी कुठाय?"

"हरवली. पण फोटो बारा आहेत, वहिनी. एक कमी नेला तर माझ्या पगारातून कापतील."

"पगार होतो तुमचा?"

"झाला की कापतील."

त्या मापाची दुसरी चौकट दुकानात एकच होती, आबांच्या खुर्चीच्या वर टांगलेली. तिच्यात पहिला अर्थमंत्री होता. बँक बंद व्हायच्या आधीच्या पंधरवड्यात तो टीव्हीवर आला होता. घाबरून पैसे काढू नका, काढाल तर देशाचं नुकसान कराल, तुमच्या पैशाची हमी मी स्वतः देतो, असं छातीवर हात ठेवून म्हणाला होता. आबांनी त्याचा फोटो पैदा केला आणि सुनेकडून चौकट मागून घेतली. "मागचं मी लावतो," म्हणाले होते. जन्मात हातोडी न धरलेला माणूस. चार खिळ्यांच्या जागी त्यांनी अकरा ठोकले होते, तेही वाकडे.

ती स्टुलावर चढली.

"ती नको," आबा म्हणाले.

"का नको? चार जण आले, चार जण गेले, हा मेला अजून आपल्या डोक्यावर! वन्सं कपाटाच्या फटीत झोपतात आणि हा भिंतीवर ऐटीत. आज तरी उतरू दे त्याला."

"राहू दे म्हणतोय ना."

पण तिच्या हाताला राग चढला होता. तिने चौकट टेबलावर पालथी घातली, पक्कड घेतली आणि एकेक खिळा उपटायला लागली. एकेका खिळ्यामागे एकेक मनात साचलेलं. हा दुकानाच्या वाढलेल्या भाड्याचा, हा मुलीच्या अर्धवट सुटलेल्या कॉलेजचा, हा रांगेत उभं राहून सुजलेल्या नवऱ्याच्या पायांचा. अकरावा निघाला. तिने पुठ्ठा उचलला.

पुठ्ठ्याच्या आणि मंत्र्याच्या मध्ये एक फॉर्म होता.

फॉर्मवर नणंदेची गोल गोल सही होती. तारीख बँक बंद व्हायच्या नऊ दिवस आधीची. खालच्या बाजूला बारीक भोकांची रेघ, आणि रेघेखाली बँकेने शिक्का मारून फाडून द्यायचा तुकडा. तो फाडलेला नव्हता. त्याच्यावर कसलाही शिक्का नव्हता.

फ्रेमवालीने त्याच्यावर तळहात ठेवला. टेबलाखाली नणंद अजून पुठ्ठे उलटत होती, स्वतःशी बोलत होती. "निळी असते ती, एवढीशी. हातभर लांब असती तर दिसली तरी असती!"

काय करावं? तिला खालच्या मंत्र्याचा चेहरा दोन्ही हातांनी फाडावासा वाटला. छातीवर हात ठेवून सांगितलंस आणि त्या भाबड्या म्हाताऱ्याने ऐकलं. लेकीचे पैसे काढून देशाचं नुकसान नको, म्हणून फॉर्म घेऊन दारातून परत फिरला असेल. रोज उद्या बघू म्हणाला असेल. आणि मग उद्या कुलूप. आणि मग रागाचं दुसरं टोक आबांकडे वळलं, कारण मंत्री कुणाचाच नव्हता, आबा तर घरचे होते. अडीच वर्षं पोटची पोर फटीत झोपतेय, आणि हा माणूस समोर बसून पेटी चाळतोय!

फोन पुन्हा वाजला. "सहाच राहिलेत पुढे. सापडली का?"

तिने फोन बंद केला. मग तिचे हात आपोआप चालू लागले. पहिल्याच्या खाली, काचेला लागून पाचव्याचा फोटो सरकवायचा, फॉर्म तसाच वर, पुठ्ठा लावायचा, कड्या बसवायच्या. कचेरीच्या भिंतीवर जाईल, कुणाला कळणार नाही. हरवली म्हणायचं. हरवलेल्या पोचेचा राग सरकारवर काढता येतो. सरकारला काय, एक शिवी जास्त.

तिने फोटो उचलला.

"आत ठेवू नकोस," आबा म्हणाले.

ते उभे राहिले होते. पेटी मांडीवरून घसरली, पावत्या जमिनीवर पसरल्या. पंख्याची, घड्याळाची, पाण्याच्या बिलाची. त्यांनी उचलल्या नाहीत. शिपाई उचलायला वाकला आणि त्यांचा चेहरा बघून तसाच थांबला.

"आबा, मी बघते, तुम्ही बसा."

"तू खूप बघितलंस." ते टेबलाजवळ आले, सुनेचा हात बाजूला केला आणि फॉर्म बाहेर काढला. मग खाली वाकायचा प्रयत्न केला. गुडघे वाकेनात. त्यांनी टेबलाच्या फळीवर बोटांनी दोनदा वाजवलं.

"बेबी, बाहेर ये."

"थांबा हो आबा, हा शेवटचा गठ्ठा..."

"शोधू नकोस. बाहेर ये, पोरी."

नणंद रांगत बाहेर आली. केसांत पुठ्ठ्याचा भुसा, हाताला धूळ. तिने आधी वडिलांकडे पाहिलं, मग त्यांच्या हातातल्या कागदाकडे, आणि कागदाच्या खालच्या न फाडलेल्या तुकड्याकडे.

"पोच नाहीये," आबा म्हणाले. "मी फॉर्म बँकेत दिलाच नव्हता."