शून्यावरचे काटे

दोन हजार पंधराच्या दुष्काळात ऊसच नव्हता, त्यामुळे सहकारी साखर कारखान्याचं गाळप सुरूच झालं नाही. महारुद्र तिथे वीस वर्षं बॉयलरवरचे मीटर दुरुस्त करत होता. घरी बसल्यावर दोन महिन्यांनी त्याला भलतंच काम मिळालं. पुण्यातल्या एका सजावटवाल्याला हॉटेलच्या भिंतींवर लावायला जुन्या लढाऊ विमानांच्या डॅशबोर्डच्या नकला हव्या होत्या. पत्र्यावर गोल तबकड्या बसवायच्या, मागून दिवे सोडायचे. असे सहा नग.

धारूरच्या घरी त्याने पत्रा कापला, भोकं पाडली. बायको शिवगंगा बारीक ब्रशने तबकड्यांवर आकडे काढायची; तिचा हात त्याच्यापेक्षा स्थिर होता. फोटो मात्र अंधुक होते. कुठली तबकडी कशाची, हे दोघांनाही कळेना.

चौसाळ्याचे गहिनीनाथकाका हवाई दलात होते असं कळल्यावर महारुद्र पहिला नग पोत्यात गुंडाळून एसटीने तिकडे गेला. काका सत्तरीचे. जनावरं चारा छावणीत होती, त्यामुळे हाताला काम नव्हतं. तरी नग बघताच म्हणाले, "ने हे. मला त्यातलं काय ठावं न्हाई."

"काका, तुमी इमानातले मीटरच बघत होता म्हणं."

"होतो. झालं ते."

त्यांच्या पत्नी जानकीबाई पाणी घेऊन आल्या. "एवढ्या लांबून आलंय पोरगं, बघा की," म्हणाल्या.

महारुद्रने दार लोटलं आणि वायर जोडली. पिवळ्या उजेडात सात तबकड्या दिसू लागल्या. काका पुढे वाकले. मग त्यांनी एका काचेवर बोटाने दोनदा टिचकी मारली.

"हे उंचीचं. एकाहत्तरला असंच एक मी तपासून दिलं. सही माझी. ते इमान गेलं, ते आलंच न्हाई. चौकशीत म्हणाले, तुझी चूक न्हाई. आरं, पर इमानच घावलं न्हाई, तर त्यांना कसं कळलं?"

जानकीबाई आतल्या दारात उभ्या होत्या. लग्नाला चव्वेचाळीस वर्षं झाली होती. हे त्या पहिल्यांदाच ऐकत होत्या.

"मी बी नवं मीटर बसवलं की चार दिवस झोपत नसायचो," महारुद्र म्हणाला.

काकांनी मान हलवली. "हे काटे समदे शून्यावर कावून?"

"फोटोत तसंच हाय."

"म्हंजे इमान जमिनीवर उभं हाय. पेचकस दे."

त्यांनी काचा काढून एकेक काटा सरकवला. उंची आठ हजार फुटांवर आणली, वेग बेताचा ठेवला. इंधनाचा काटा अर्ध्याच्या वर नेला. "घरला यायला पुरतं एवढं," म्हणाले.

सहाही नग तसेच पुण्याला गेले. काट्यांबद्दल तिकडून कुणी काही बोललं नाही. आणखी दहा मागवले. काका दर सोमवारी धारूरला येऊ लागले. शिवगंगाला प्रत्येक तबकडीचं काम समजावून सांगत, काटे स्वतः लावत. एका सोमवारी त्यांनी तिच्याकडून हिंदीत एक पत्र लिहून घेतलं. त्या वैमानिकाच्या घरचा पत्ता त्यांनी इतकी वर्षं ट्रंकेत ठेवला होता.

दोन महिन्यांनी उत्तर आलं. वैमानिकाच्या बहिणीचं होतं. भावाची कुणीतरी आठवण काढली, बरं वाटलं, आता घरात मी एकटीच आहे, असं तिने लिहिलं होतं. मीटरबद्दल एक अक्षर नव्हतं. काकांनी ते जानकीबाईंना मराठीत सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी त्या बहिणीला पुन्हा पत्र लिहायला घेतलं.