स्वस्तातला पंप

विकत मिळतं ते भंगारातून का जमू नये, हा गॅरेजवाल्या मिस्त्रीचा जन्माचा हट्ट. थोरल्या बहिणीचे यजमान, म्हणजे त्याचे दाजी, जमीन मोजायला जीप घेऊन वाळूत जात. वाळूत शिरताना चाकांतली हवा कमी करायची, बाहेर आल्यावर पुन्हा भरायची. हातपंप मारता मारता त्यांचं घामटं निघायचं. मिस्त्रीनं मनावर घेतलं. बॅटरीवर चालणारा जुना कॉम्प्रेसर, चार रबरी नळ्या आणि हवेचा दाब दाखवणारा मीटर त्यानं पत्र्याच्या पेटीत बसवले. चारही चाकं एकदम भरत. विकतच्या पंपाच्या पाव किमतीत केला, हे त्यानं गल्लीभर सांगून झालं.

मीटरचा काटा तेवढा पंचविसावर अडकायचा. टिचकी मारली की सुटायचा. नवा मीटर घातला असता तर 'पाव किमतीत' म्हणता आलं नसतं, म्हणून हा पठ्ठ्या टिचक्या मारत राहिला. पेटी दाजींच्या हवाली करताना त्यानं सगळं समजावलं, फक्त काट्याचं सांगायचं राहून गेलं. राहून कसलं जातंय, सांगायची लाज वाटली.

तिसऱ्याच खेपेला दाजी मागच्या चाकापाशी बसून काटा बत्तिसावर यायची वाट बघत होते. काटा पंचविसावरच, आणि चाकातला दाब कुठल्या कुठे चढलेला. चाक फुटलं आणि त्यांच्या उजव्या मनगटाचा पार चुरा झाला. बोटं पूर्वीसारखी मिटतील याची खात्री डॉक्टर देईनात.

मिस्त्री रोज दवाखान्यात हजर. कधी फळं, कधी मऊ उशी. ताई बोल लावायची ती नवऱ्यालाच, की भावानं इतकं सोपं करून दिलं तरी तुमचं लक्ष नाही. दाजीही निमूट मान्य करायचे. मिस्त्री खाली बघून फळं कापत बसायचा.

आठव्या दिवशी ताई दाजींना चमच्यानं सूप भरवत होती. दाजी खुशीत होते. कचेरीतल्या दोन ड्रायव्हरांना असाच पंप हवा आहे, उद्याच गॅरेजवर येतील, मी तुझ्या कामाची हमी दिली आहे, असं ते म्हणाले.

मिस्त्रीला वाटलं, आता गप्प राहिलो तर आपल्यासारखा नालायक आपणच.

"दाजी, तुमची चूक नव्हती. काटा अडकतो. मला माहीत होतं."

"कधीपासून?" दाजींनी विचारलं.

"पहिल्या दिवसापासून."

दाजी प्लास्टरमधून बाहेर आलेल्या बोटांकडे बघत राहिले. ताई रडेल, शिव्या देईल, बाहेर काढेल, असं मिस्त्रीला वाटलं. तिनं तसं काही केलं तर बरं, असंही वाटलं. पण ती उठली आणि वाटी त्याच्या हातात दिली.

"आता तू भरव," ती म्हणाली आणि बाहेर जाऊन बसली.

त्यानं चमचा पुढे केला. बराच वेळ तो तसाच धरून ठेवावा लागला. मग दाजींनी त्याच्याकडे न बघता तोंड उघडलं.